अक्कांचे दोन संघ

खानदेशात आजवर जितके फुटबॉल फुगवले गेले असतील, त्यातले निम्मे माझ्या थोरल्या नणंदबाईंनी फुगवले असावेत, आणि उरलेले त्यांनी ओरडल्यावर दुसऱ्या कुणीतरी. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत त्या पी.टी.च्या बाई होत्या. आमच्या घरापासून चार पावलांवर राहायच्या आणि दिवसातला अर्धा वेळ आमच्याच अंगणात असायच्या. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या शेजारी शिट्टी, असा त्यांचा कायमचा दागिना. लग्नकार्याला निघतानाही शिट्टी काढायच्या नाहीत. फार तर पदराखाली ढकलायच्या. जेवायला बसायची शिट्टी, पाणी भरायची शिट्टी, पाहुणे फार वेळ रेंगाळले तर त्यांनाही शिट्टी. पिशवीत पिवळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा असायचा आणि लाल पुठ्ठ्याचा एक. भाजीवाल्याचं माप हलकं भरलं की पिवळा पुठ्ठा त्याच्या नाकासमोर धरायच्या. लाल पुठ्ठा मी एकदाच बाहेर आलेला पाहिला, माझ्या यजमानांना गच्चीवर बिडी ओढताना पकडलं तेव्हा. एवढा मोठा माणूस, पण गुमान खाली उतरून आले आणि तो दिवसभर घरात आले नाहीत. पंगतीत कुणी सहज जरी विचारलं की, 'अक्का, ते ऑफसाइड म्हणजे काय हो?' तर त्याचं जेवण संपलंच म्हणून समजा. अक्का सगळ्यांच्या वाट्या उचलून मधे मांडायच्या. एकदा एका व्याह्यांची आमटी डावा बचावपटू म्हणून पंगतीच्या दुसऱ्या टोकाला गेली, ती ताटं उचलेपर्यंत परत आली नाही.

हे वेड त्यांना भुसावळात लागलं. लहानपणी त्या सुट्टीत मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जायच्या. समोरच्या मैदानावर रेल्वेतले साहेब आणि फायरमन एकाच संघातून फुटबॉल खेळायचे, आणि अक्का तारेच्या कुंपणाला चिकटून बघत राहायच्या. 'साहेबाला फायरमन शिव्या देतो आणि साहेब ऐकून घेतो, असं मी फक्त तिथंच पाहिलं,' त्या सांगायच्या. खेळायला कुणी घेतलं नाही. मुलीच्या जातीला कोण घेणार? ते त्यांच्या मनात राहून गेलं होतं.

माझं लग्नही एका परीनं फुटबॉलमुळेच जमलं. आमच्या एरंडोलच्या घरी पाहायला आलेल्या मंडळींत अक्का होत्या. स्वयंपाक, शिवण, गाणं यांतलं त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "पळता येतं का गं?" वडिलांना पोह्यांचा ठसका लागला. मी खाली मान घालून 'हो' म्हटलं. तेवढ्यात माझ्या हातातल्या ताटातून एक मोसंबं सुटलं आणि घरंगळत उंबऱ्याकडे निघालं. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे मी काही विचार न करता पाय पुढे केला आणि ते तळव्याखाली अलगद थांबवलं. खाण्याच्या वस्तूला पाय लावला म्हणून आईनं डोळे मिटून घेतले. आता हे स्थळ गेलं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. अक्का मात्र भावाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. उजवा पाय चांगला आहे." त्यांच्या भावानं अजून मला नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा अक्कांनी शाळेतल्या मुलींचा फुटबॉलचा संघ उभा केला होता. मुख्याध्यापिकाबाईंना ते मान्य नव्हतं. मुलींनी लंगडी खेळावी, फार तर खो-खो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा नकार न जुमानता अक्का रोज शाळा सुटल्यावर मुलींना मैदानावर पळवत होत्या. संघाची कर्णधार रमिला नावाची मुलगी होती. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव, शिकायला वसतिगृहात राहायची. बोलायची फार कमी, पण चेंडू घेऊन निघाली की मधे येणाऱ्या मुली आपोआप बाजूला व्हायच्या. अक्कांच्या डोळ्यांसमोर एकच होतं, या मुलींना नाशिकच्या विभागीय स्पर्धेला न्यायचं. तयारी झाली आणि मग कळलं की जिल्ह्यात किमान दोन संघ हवेत. त्यांच्यात सामना व्हायला हवा आणि जिंकणाऱ्यानं नाशिकला जायचं, असा नियम. आणि अख्ख्या धुळे जिल्ह्यात मुलींचा दुसरा संघच नव्हता. अक्का दोन दिवस गप्प होत्या. घरातली माणसं घाबरली, कारण त्या गप्प बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात आल्या, भांडी घासत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "स्पर्धा खुली आहे. वयाची अट नाही. ऊठ."

असा आमचा संघ जन्माला आला. गल्लीतल्या सुना, दोन सासवा, पापडवाल्या काकू, शेजारच्या शिंपीणबाई. आढेवेढे घेणाऱ्या बायकांच्या घरी जाऊन अक्का त्यांच्या नवऱ्यांना बाहेर बोलवायच्या आणि काय सांगायच्या कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी ती बाई मैदानावर हजर असायची. गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा अक्कांनी स्वतःच्या आईलाच, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गाठलं. सासूबाई नऊवारीच्या काष्ट्यात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं अहिराणी. म्हणाल्या, "मी म्हातारी, माले काय समजस त्यामा?"

"माय, तू ज्वारीमा पाखरं हाकलस ना?" अक्का म्हणाल्या. "तेच करानं. पाखरू फक्त एकच शे."

सासूबाईंना ते पटलं. सरावाला त्या वेळेआधी येऊ लागल्या. आम्हा पाचवारीवाल्यांनीही मग काष्टे घातले. नावांनी हाका मारायला अक्कांना वेळ पुरायचा नाही, म्हणून त्यांनी आम्हाला माहेरच्या गावांनी हाका मारायला सुरुवात केली. "एरंडोल, पुढं हो. नशिराबाद, डावीकडं. चोपडा, झोपलीस का? पारोळा, एरंडोलला दे." एकदा एक गृहस्थ पिशव्या घेऊन मैदानात शिरले आणि अदबीनं विचारू लागले, "बाई, चोपड्याची गाडी कितीला आहे?" अक्कांनी त्यांना शिट्टी वाजवून बाहेर काढलं.

खरं सांगते, सुरुवातीला आम्ही सगळ्या अक्कांच्या भीतीनं जात होतो. मग कधीतरी ते बदललं. दुपारची कामं आटोपली की पाय आपोआप मैदानाकडे वळायचे. घामानं भिजून परत येताना शिंपीणबाई मोठ्यानं हसायच्या. ते हसणं ऐकून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या की, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सून हसते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

सामन्याच्या दिवशी शाळेच्या मैदानाभोवती अर्धं धुळं लोटलं होतं. नवरेमंडळी एका बाजूला, आणि आपली बायको पडेल की काय या काळजीनं नजर खाली घालून उभी. दोन्ही संघांच्या प्रशिक्षक अक्काच. त्या मधोमध उभ्या राहून दोन्हीकडे ओरडत होत्या. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात पारोळ्यानं दिलेला चेंडू माझ्या पायाशी आला. पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी मारला, जाळी हलली, आणि नवऱ्यांच्या घोळक्यातून माझे यजमान टोपी उडवत ओरडले. ते कधी कुणासमोर मला नावानंही हाक मारायचे नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी अख्ख्या मैदानाला माझं नाव ऐकवलं.

पण मुलींचं काही जमेना. त्या चेंडू घेऊन गोलपाशी यायच्या आणि समोर सासूबाईंना बघून हळूच, नमस्कार केल्यासारखा पाय लावायच्या. सासूबाई तो ओच्यात झेलून कडेला टाकायच्या. ओच्यात झेललेला चेंडू चालतो का, यावर पंचांनी बराच विचार केला आणि शेवटी चालतो असं ठरवलं. मध्यंतराला आम्ही एका गोलनं पुढं होतो आणि मुली रडत होत्या. आम्ही बायकांनी घोळका केला. नाशिकला जायचं ते त्यांनाच, मग आता आपण दोन गोल होऊ देऊ, असं ठरलं. अक्कांनी ते ऐकलं. आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि आवाज न चढवता बोलल्या, तेव्हाच आम्हाला खरी भीती वाटली.

"काकवांनी सोडून दिलेला सामना जिंकून या पोरी नाशिकला कुणाला हरवणार?" त्या म्हणाल्या. "त्यांच्याशी नीट खेळा. तेवढा मान द्या त्यांना."

मग त्या मुलींकडे गेल्या. "आजी आहेत म्हणून हळू मारताय का?"

रमिला मान खाली घालून म्हणाली, "बाई, त्यांना लागेल."

हे सासूबाईंच्या कानावर गेलं मात्र. काष्टा खोचत त्या गोलमधून पुढं आल्या आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मार व पोरी, जोरमा मार. मी काय काचनी शे का?"

त्यानंतर ज्याला फुटबॉल म्हणतात तो सुरू झाला. आम्ही जीव खाऊन धावलो. चोपडा दोनदा पडली आणि दोनदा उठली. मुलींनी एक गोल फेडला. आणि शेवटी शेवटी रमिलानं लांबून असा काही चेंडू मारला की सासूबाईंनी तो अडवला, पण चेंडू आणि सासूबाई दोघंही गोलच्या आत गेली. सगळे धावले. सासूबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर मागं गेलेला, आणि पोट धरून हसत होत्या. "आते कसं," रमिलाला जवळ ओढत त्या म्हणाल्या, "आते जाय नाशिकले."

नाशिकला आम्हीही गेलो, अख्खा संघ, शिदोऱ्या बांधून एसटीनं. तिथल्या संघांच्या पायांत बूट होते, आमच्या मुली अनवाणी. पहिल्या सामन्याआधी समोरच्या मुली आमच्या मुलींकडे बघून हसल्या, तेव्हा सासूबाई चिडल्या. रमिला नाही चिडली. ती फक्त मैदानाबाहेर बसून तळव्यांना माती चोळत राहिली. तो सामना आमच्या मुलींनी जिंकला. पुढचाही जिंकला. अंतिम सामन्यात अक्कांचा घसा पूर्ण बसला होता. शिट्टी तोंडात, पण फुंकायला दम नाही. म्हणून आम्ही बायका ओरडलो, जे अक्का ओरडल्या असत्या तेच, त्याच शब्दांत. रमिलाचा गोल झाला आणि सामना संपला, तेव्हा अक्का मैदानात धावल्या नाहीत. त्या तिथंच खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "काही नाही गं, धूळ गेली डोळ्यांत." नाशिकच्या त्या मैदानावर हिरवंगार गवत होतं.

धुळ्याच्या स्टँडवर डफ वाजत होते. गुलालानं माणसं ओळखू येईनात. लंगडी खेळा म्हणणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई सगळ्यांत पुढं हार घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पहिला हार रमिलाला घातला, दुसरा अक्कांना, आणि तिसरा कुणाला घालावा हे न कळून सासूबाईंना. सासूबाईंनी तो घरी नेऊन देवाच्या फोटोला घातला नाही. स्वतःच्याच गळ्यात ठेवून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसल्या.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी एका दुपारी अक्का जवळजवळ पळतच आमच्या अंगणात आल्या. शिरपूरला मुलींचा संघ झाला होता. साक्रीलाही झाला होता. रमिलाच्या गावाकडच्या मुलीही खेळू लागल्या होत्या. "आता जिल्ह्यात खरी स्पर्धा होणार," त्या सांगत होत्या. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. आम्ही सगळ्या तिथंच उन्हात कुरडया वाळत घालत होतो. आम्हालाही आनंद झाला. सासूबाईंनी हातातली कुरडई तशीच धरून दुसऱ्या हाताच्या बोटांवर संघ मोजले. मग म्हणाल्या, "मंग आते आपण खेळानं नही का?"

हा हिशेब अक्कांच्या ध्यानातच आला नव्हता. त्या आमच्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या, शिंपीणबाईंकडे, माझ्याकडे, आणि मग हळूच सासूबाईंच्या शेजारी बसल्या.

"खेळू ना, माय," त्या म्हणाल्या. "आपलं आपण खेळू."

त्या उन्हाळ्यातले काही रविवार आम्ही खरंच खेळलो, आमच्या आमच्यात, बघायला कुणी नसताना. मग पेरण्या आल्या. शिंपीणबाईंची लेक बाळंतपणाला आली, माझ्या यजमानांची जळगावला बदली झाली, आणि कुणी थांबवलं नाही तरी खेळ थांबला. शेवटच्या त्या रविवारी तो शेवटचा आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर घरी जायची एवढी घाई केली नसती.