खात्री किती आणे?

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मनोरुग्णांच्या भ्रमाचं माप घेणारे एक कंत्राटी साहेब आहेत. छापील फॉर्म दहापैकी गुण मागतो, पण धानवाल्या माणसाला आणेवारी कळते, म्हणून साहेब विचारतात, "खात्री किती आणे?" कोणी "सोळा" म्हटलं, की ते न चिडता सांगतात, "पुढच्या मंगळवारी घरच्या मानसाले संगं आना."

वरठीच्या कारखान्याचा भोंगा आपलंच नाव घेतो, असं माझ्या मोठ्या भावाला वाटतं. गोळ्यांनी त्याचे सोळा आणे परवा आठावर आले. साहेबांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि खुशीत म्हणाले, "भाऊ, या मार्चात मीबी परमनंट होतो."

भावानं विचारलं, "खात्री किती आणे?"

"सोळा!"

"अन् मागच्या मार्चात?"

"तवाबी सोळाच होती. वरचे लोक मुद्दाम माही फाईल दाबून राहिले. सारे मिळून हायेत."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांच्या हातावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाला, "साहेब, पुढच्या मंगळवारी घरच्या मानसाले संगं आना."