आत्याचा अंगठा

आमची सुंदरआत्या बोलता बोलता समोरच्याच्या कपड्याचा लोंबणारा धागा कापायची. न विचारता. माझ्या लग्नात भटजींच्या उपरण्याचाही कापला. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे तिच्या हेंद्रेपाड्याच्या खोलीवर यायचे, शिलाईनंतर राहिलेले धागे छाटायला. छोटी कातर कायम गळ्यात. "लोंबतंय ते काप, नायतर कोनतरी ओढील," म्हणायची.

पालेगावची जमीन बिल्डरला गेली तेव्हा आत्यालाही त्याच्या ऑफिसात नेलं. पेढा भरवला आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला, बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला, म्हणजे माझ्या पप्पांना, सोडला म्हणून. आमच्यात पद्धतच ती. नाही म्हणणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. पप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पोराला दुकानाचा गाळा घेऊन देतो." आत्या मला एवढंच म्हणाली, "गाळा घे हां, बाबू."

पप्पांनी पैसे माझ्या खात्यात टाकले. मी आठवी नापास, वय एकवीस. काळी गाडी घेतली. चालवता येत नव्हती म्हणून ड्रायव्हर ठेवला, तर लोक त्यालाच शेठ म्हणायचे. चेन एवढी जाड घेतली की मान दुखायची. वाढदिवसाला अंबरनाथ पूर्वेला नाक्यानाक्यावर बॅनर लावले. गॉगलमधला मी, खाली 'भावी नगरसेवक'. मतदार यादीत नाव नव्हतं माझं!

मित्र केक कापत होते. आत्या रिक्षातून उतरली, सरळ बॅनरकडे गेली आणि दोरी कापली.

"आत्या, लोकं बघतायत!"

"बघू दे. गाळा कुठाय?"

"घेऊ ना, आरामात."

"माजा अंगठा खाल्लास, मेल्या! एका प्यांटीला धागा राहिला तर शेट माजं पैसं कापतो. तुला कोन कापनार?"

मित्र फिदीफिदी हसले. त्यांच्या थोबाडात द्यायची सोडून मीही हसलो. त्याची चीड आजही येते.

आत्या बॅनरची घडी करून घेऊन गेली.

वर्षात पैसे संपले, गाडी अर्ध्या किमतीत गेली. मित्र तर त्याच्याही आधी गेले. तोंड लपवत हेंद्रेपाड्याला गेलो. आत्याने गाळ्याचं नावही काढलं नाही. "बस. कातर घे," म्हणाली. पहिल्याच दिवशी मी एका पँटीला भोक पाडलं. दंड तिने भरला, वर शिव्या फुकट. आज त्याच गठ्ठ्यांचा टेम्पो चालवतो.

मागच्या वर्षी आत्या गेली. सामान आवरताना गठ्ठ्यांवर पाणी पडू नये म्हणून टाकलेला तो बॅनर निघाला. माझ्यापेक्षा माझा फोटो तिच्या जास्त कामी आला होता.

यंदा पप्पांनी उरलेले तीन गुंठे विकायला काढले. पुन्हा तेच ऑफिस, तोच पेढा. या वेळी खुर्चीवर माझी बहीण शोभा, पुढ्यात तसंच हक्कसोडपत्र, हातात पेन. माझं डोकंच फिरलं. पेढ्याचा बॉक्स उचलून बिल्डरच्या एजंटच्या मांडीवर ठेवला.

"हिचा वाटा हिच्या खात्यात जाईल. नाहीतर माझी सही नाही."

पप्पा ओरडले, "पैशातलं तू शिकवणार? तू?"

"मीच. आत्याचा वाटा मीच खाल्लाय."

शोभाने पेनाला टोपण लावलं.