चार कप आणि बुरोंडी

"कप विसळ, मग बोल," असं आमच्या ऑफिसच्या प्रमुख बाई म्हणायच्या, आणि नवा माणूस गोंधळायचा. आमच्या मांडवीच्या ऑफिसात कप चारच. पाचव्यानं कुणाचा तरी चहा संपेपर्यंत उभं राहायचं. एकदा बँकेचे साहेब आले, तेही उभे राहिले. तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेल. नसेल तर तुमचं नुकसान.

आमचा प्रोग्रॅम बंदराबंदरावरच्या यंत्रांना वारा विचारायचा आणि होडीवाल्यांना मोबाइलवर कळवायचा. मी म्हणत होतो, दर विचारणीला नवा थ्रेड काढू. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅमच्या आत राबणारा गडी.

"दर पाहुण्याला नवा कप आणतोस काय रे मेल्या?"

बाईंनी थ्रेडही चारच ठेवले. काम रांगेत; जो मोकळा होईल त्यानं पुढचं उचलायचं. छान चालायचं, खोटं कशाला बोलू.

बाईंची एक खोड होती. समोरचा उचलेपर्यंत फोन ठेवायच्या नाहीत. प्रोग्रॅमही तसाच लिहिलेला, यंत्र बोलेपर्यंत थ्रेडनं थांबायचं. "उत्तर न घेता उठायचं? रीत आहे की नाही काही?"

एका दुपारी वारा उठला आणि बुरोंडी बंदरावरचं यंत्र गप्प झालं. एक थ्रेड तिथं थांबला. पुन्हा बुरोंडीची पाळी आली, दुसरा थांबला. बघता बघता चौघेही बुरोंडीच्या दारात, आणि बाकीच्या बंदरांना विचारायला कोणी नाही. कुठल्याच होडीला इशारा जाईना.

बाईंचा धाकटा भाऊ सकाळी बुरोंडीहूनच होडी घेऊन गेलेला. ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून बुरोंडीला सोडू या असं म्हणायला कोणी धजेना.

बाईंनी चष्मा पुसला. "बुरोंडीला सोड. जरा वाट बघायची, नाही बोललं तर पुढं जायचं."

मी तसं लिहिलं. इशारे धडाधड सुटले. मग बाईंनी स्वतः पाचवा थ्रेड काढला, वेगळा, फक्त बुरोंडीला विचारत राहायला. आणि भावाला फोन लावून बसल्या.

संध्याकाळी त्यानं उचलला. "अगो ताई, किती फोन? वारा बघून मी कधीचा परत फिरलो. जेवून झोपलेलो."

बाईंनी त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्या मोरीत जाऊन बराच वेळ एकच कप विसळत राहिल्या.

गेल्या वर्षी बाई वारल्या. भाऊ त्यांचं सामान न्यायला आला, तेव्हा चहासाठी कप मोकळा होईपर्यंत उभा राहिला. मला तेव्हा फार रडू आलं.

बुरोंडीचं यंत्र आता काढून टाकलंय. पाचवा थ्रेड अजून विचारतोच आहे. परवा ऑफिसातली नवी मुलगी म्हणाली, "सर, हा उगाच चालू आहे. बंद करू?"

"आधी कप विसळ," मी म्हटलं.