कोरगावची शेवाळाची भिंत आणि माझा जळफळाट

आई माझ्या धाकट्या बहिणीकडे, सुलूकडे, कोरगावला आठवड्यासाठी म्हणून गेली आणि महिना उलटला तरी परतेना. शेवटी रविवारी मीच स्कूटर काढली. डिचोलीहून अस्नोडा, कोलवाळचा पूल आणि पुढे पेडणे. रस्ता चांगला आहे, ट्रकांना तेवढं जपा. पेडण्यात गरम उंडे पाव आणि पातळभाजी मिळते, घरून डबा नेऊ नका.

सुलूचं घर समुद्री शेवाळाचं, हे कौतुक ऐकून माझे कान किटले होते. प्रत्यक्षात भिंती चिऱ्यांच्याच आहेत. आतला गिलावा मात्र मातीत शेवाळ मळून केलेला, आणि कौलांखालीही वाळलेलं शेवाळ दाबून भरलेलं. हरमलच्या किनाऱ्याला लागलेलं शेवाळ लोक माडांना खत म्हणून घालतात. सुलूने तेच अंगणात पावसाळाभर भिजू दिलं, म्हणजे मीठ निघून जातं.

"पयल्या वर्सा धुवूकच नाय, तर भिंतीक घाम सुटलो!" ती हसत म्हणाली. तेवढं ऐकून मला जरा बरं वाटलं.

पण घर भर दुपारी गार होतं. जळले मी, खोटं कशाला बोलू? माझ्या घरी आईच्या खोलीत एसी बसवायला मी नवऱ्याशी भांडले होते.

आई मागच्या खोलीत होती. कोपरापर्यंत चिखल, आणि शेजारच्या दोघींना हुकूम सोडत भिंत लिंपणं चाललेलं.

"आयलंस गो? बस. पाणी तूच घे, माझे हात भरलेत."

"आई, पिशी भर. घराक चल."

"आता? भिंत वली आसा गो. दर वर्साक लिंपूक लागता."

"माझ्याकडे काय उणा आसा?"

तिचा हात भिंतीवरून फिरतच राहिला. "उणा काय्येक नाय. तुझा घर बरा आसा. पण थंय माका करूक काय आसा?"

सुलू पानं वाढायला गेली. त्याचाही मला राग आला. तरी तिच्या हातची सुंगटांची किसमूर, सुक्या कोळंबीची ती कोशिंबीर, मी दोनदा वाढून घेतली, आणि एकटीच निघाले.

घरी पोचल्यावर दिवेलागणीनंतर फोन केला. सुलूने उचलला.

"आईक दी."

"जेवली आणि लगेच निजली. दमली गो आज."

माझ्याकडे ती रात्र रात्र कूस बदलत पडायची. मी डॉक्टर बदलले, गादी बदलली. दमू मात्र तिला एक दिवस दिलं नाही.