किल्ल्यावरून गडगडण्याचा विमा

एप्रिल १९८७, ईस्टरच्या आधीचा गुरुवार. प्रीमियम १८० पौंड. हजर तिघं: विमा कंपनीच्या ब्रिस्टल ऑफिसचा सर्व्हेअर म्हणून मी, पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, अध्यक्ष मिसेस प्रिचर्ड आणि पुरातन वास्तूंचे सरकारी इन्स्पेक्टर मिस्टर लोव.

समोर नॉर्मन किल्ला. दगड एकही नाही. दिवाळीत आपण अंगणात करतो तसा निव्वळ मातीचा, फक्त अकरा मीटर उंच आणि नऊशे वर्षं जुना. ईस्टर मंडेला सगळं गाव त्याच्या माथ्यावरून गडगडत खाली येतं. का, ते कोणालाच सांगता येत नाही. गेल्या वर्षी एकाचं कॉलरबोन मोडलं आणि क्लेम आला. आता माझी सही नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर गडगडणं बंद.

मी उतार मोजला. चौतीस अंश. पायथ्याशी कुंपण घाला, म्हटलं. लोव म्हणाले, ही संरक्षित वास्तू आहे, लेखी परवानगीशिवाय इथे तंबूची खुंटीसुद्धा ठोकता येत नाही. आणि परवानगीला तीन महिने लागतात.

मिसेस प्रिचर्डनी किल्ल्याच्या माथ्याकडे पाहिलं. युद्धातही बंद न पडलेली गोष्ट आपल्या कारकिर्दीत बंद पडणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी लोवना विचारलं, "गादी ठोकावी लागते का हो?"

लोवनी नियमावली दोनदा चाळली. गाद्यांबद्दल काहीच नव्हतं.

तासाभरात गावातल्या गाद्या निघाल्या. ट्रॅक्टरवर, बाबागाडीवर, डोक्यावर. एकीवर मांजर तसंच झोपलेलं. व्हिकरची, म्हणजे गावच्या पाद्र्याची, जाडजूड डबल बेडची गादी पाहून पोस्टमन म्हणाला, देव आपल्या नोकरांना बरा सांभाळतो. पायथ्याला गादीला गादी लागली.

मी म्हटलं, रचना ठीक आहे, पण टेस्ट झाल्याशिवाय सही करता येणार नाही. इथे मी फसलो.

"बरोबर आहे तुमचं, मिस्टर साने," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. "चढा."

पहिल्या कोलांटीत आकाश दिसलं, दुसरीत गवत, पुढे हिशेब राहिला नाही. आपण मोठमोठ्याने हसतोय, हे मला व्हिकरच्या गादीवर आदळल्यावर कळलं. उठून मी सर्वांना गंभीरपणे सांगितलं की एका टेस्टवर निष्कर्ष काढता येत नाही, सरासरीला निदान तीन लागतात. तिसऱ्या वेळी लोव माझ्या मागोमाग आले, टायसकट.

सही केली. सोमवारी गाव गडगडलं, क्लेम शून्य. एवढं शिकलो की टेस्टची अट घालताना ती कोण करणार, हे आधी लिहून घ्यावं.

पॅरिशने कंपनीला १८० पौंड भरले. सुटाच्या ड्राय-क्लीनिंगचे दोन पौंड चाळीस मी पदरचे दिले. मॅनेजरने माझं बिल परत पाठवलं होतं, वर शेरा मारून: "सर्व्हे उभ्याने करायचा असतो."