सासऱ्यांचं तळं मी सुधारलं

आमच्या सासऱ्यांचं तळं मी सुधारायला घेतलं, त्याआधी त्यात पाणी राहत असे.

इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हाची गोष्ट. आमचीही पडली. मी हजेरीखात्यातला कारकून. घरी बसून बायकोला पोळी कशी लाटावी ते शिकवू लागलो. तिसऱ्या दिवशी तिने मला सांवेरला धाडलं, तिच्या माहेरी! (इतरांच्या बायका स्वतः जातात.)

सासऱ्यांचा सगळा गहू शेतातल्या तळ्यावर पिकायचा. उन्हाळ्यात तळं आटलं, गाळ उघडा पडला आणि मला काम सापडलं. तलावांची निगा कशी राखावी, याची बारा पानी पुस्तिका माझ्याकडे होती. गाळ काढावा, असं पाचव्या पानावर होतं. कुठे थांबावं, ते दहाव्या. मी सहाव्या पानावरच तज्ज्ञ झालो होतो.

"बाबा, अजून एक हात खणू या!"

"जावईबापू म्हणतात तर खणू या की."

खणणारा रामलाल चुळबुळला. "पर बाऊजी, काली मिट्टी खतम हो री हे, नीचे तो मुरम..."

"चुप!" सासऱ्यांनी त्याला दटावलं. "जमाई साब बोल रिये हें ना?"

काळी माती संपली की खालच्या मुरमातून पाणी झिरपून जातं, हे त्या घरात मांजरालासुद्धा ठाऊक होतं. पण जावयाला तोंडावर चूक कोण म्हणणार? सासूबाईंनी मला श्रीखंड वाढलं. मी आणखी दोन हात खणवलं.

पावसाने तळं तुडुंब भरलं. दुसऱ्या दिवशी पाणी हातभर उतरलं.

"उन्हानं आटलं असेल," मी छत्रीतून म्हणालो.

आठव्या दिवशी तळाशी तीन बेडूक उरले. तेवढ्यात शेजारचे पटेलजी हार घेऊन धावत आले. त्यांची कोरडी ठणठणीत विहीर काठोकाठ भरली होती! हार माझ्या गळ्यात पडला. "भिया, एसा जमाई तो हमको मिलना था!"

"ले जाओ," सासरे म्हणाले.

मला खरंच रडू आलं. माणसाचा वर्षाचा गहू मी मुरमात घातला होता, आणि तरी ते मला "चहा घ्या" म्हणत होते.

अजून पावसाचे दोन महिने बाकी होते. सासऱ्यांनी गाड्या भरभरून काळी माती आणून तळाशी पसरली आणि ती तुडवून घट्ट करायला सात म्हशी उतरवल्या. मी काठावर उभा राहून सूचना सुरू केल्या.

"जावईबापू," सासरे अत्यंत आदराने म्हणाले, "तुम्हीही उतरा. वजन कमी पडतंय."

तीन दिवस मी म्हशींच्या मागून गुडघाभर चिखल तुडवला. पुढे पाणी टिकलं, गहूही आला. पण चौथ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी माझं काम नीट पाहिलं, मान हलवली, म्हशी ठेवून घेतल्या आणि मला इंदूरच्या बसमध्ये बसवून दिलं!