घरचा आणि परका

फाटकात पाऊल टाकलं की मामी आधी पदराने तुमची पाठ झटकणार आणि मग विचारणार, "वाटंत कुनाच्या बागंत गेल्ता का?" पाणी त्यानंतर. तुम्हीही बागायतदारांच्या घरी गेला असाल, पण असा पाहुणचार कुठे झाला नसेल.

मी केडगावात राहणारी, प्रयोगशाळेत नोकरी. सगळे ज्यांना मामी म्हणतात, त्यांच्या शेवगावकडच्या मोसंबीची पानं तपासायला न्यायचे. पहिल्यांदा पानांत विषाणू सापडला तेव्हा मामींचा चेहरा पांढराफटक पडला. मी समजावलं, की या विषाणूच्या बऱ्याच जाती असतात. काही झाड वाळवतात, तुमची झाडं हिरवीगार आहेत म्हणजे तुमची सौम्य आहे, आणि ती मुरली की जहाल जातीला कधीकधी आत थारा मिळत नाही.

त्या दिवसापासून मामींच्या बोलण्यात सौम्य तो 'घरचा' आणि जहाल तो 'परका' झाला. "घरचा हाय तवर भ्या न्हाई," त्या म्हणायच्या. पण भीती होतीच. विषाणू मावा किडीतून पसरतो हे कळल्यावर त्यांनी सख्ख्या व्याह्यांना टोपी फाटकाबाहेर झटकायला लावली. व्याही पुढे बरेच दिवस रुसून होते.

पाथर्डीकडे दिलेल्या मुलीने बाग लावायची ठरवली, तेव्हा मात्र मामींनी आपल्या सगळ्यात चांगल्या झाडाच्या काड्या कलमासाठी स्वतः कापल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून ओटीबरोबर दिल्या. म्हणाल्या, "माहेरचं हाय, घरचा बी काडीसंगं येतुय. बिनघोर कलमाचं डोळं भर."

यंदा तेच झाड शेंड्याकडून वाळू लागलं. मी पुन्हा पानं नेली. या वेळी निकालात जहाल जातही निघाली. त्याच झाडाचा जुना नमुना ठेवलेला होता, तोही नव्या पद्धतीने तपासून घेतला आणि मग बागेत गेले.

"परका शिरला ना, ताई?" मामींनी विचारलं.

"नाही मामी. दोन्ही पहिल्यापासून त्याच झाडात होते. तेव्हाच्या तपासणीत जात वेगळी ओळखता येत नव्हती."

मामींनी झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, आणि मुलगी आईला बोलूच देईना.

"आई, लई ग्वाड पालवी आलीय बघ. जावंनं बी आपल्याच काड्या नेल्या. आता समद्या वस्तीवर तुझीच मोसंबी हाय."

मामींनी फोन छातीशी दाबून धरला. आतून मुलगी विचारत होती, "आई, तुला काय सांगायचं हुतं?"